एका झऱ्याचे पाणी : निसर्ग, विज्ञान आणि माणसाचे नाते



उन्हाळ्यात आपल्या नेकनूर परिसरातील कोणत्याही जुन्या विहिरीच्या काठावरून जपून आत वाकून पाहावे. वर काळी माती, तिच्या खाली मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि त्याच्या खाली काळा पाषाण असे थर साधारणपणे दिसतात. तळाशी एखाद्या फटीतून पाणी पाझरत असते. त्याला आपण झरा म्हणतो. आता प्रश्न असा की, हा झरा कोणाचा? विहीर कोणाच्या नावावर आहे हे सात-बाराच्या उताऱ्यावर लिहिलेले असते. परंतु त्या फटीतून येणारे पाणी कोणाच्या रानात पडले, कोणाच्या बांधाखालून वाहत आले आणि पुढे कोणाच्या विहिरीत जाणार होते, हे कोणत्याही तलाठ्याला उताऱ्यावर लिहिता येणार नाही.

माणसामाणसातील नाते आणि चांगले जगणे या विषयावर पुष्कळ प्रवचने होतात. प्रस्तुत लेखात आपण तोच विषय या विहिरीच्या आधाराने समजून घेणार आहोत. कारण तथागतांचा धम्म डोळे मिटून स्वीकारण्याचा नाही. तो पाहून, तपासून आणि अनुभवास उतरवून स्वीकारण्याचा आहे.

१. खडक काय सांगतो?

बालाघाटाचे डोंगर आणि मराठवाड्याचा बहुतेक भाग ज्या खडकाचा बनला आहे, त्याला बेसॉल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. असे पुन्हा पुन्हा घडून थरावर थर साचले. यातील काही थर घट्ट, अखंड पाषाणाचे आहेत. त्यांत पाणी फारसे शिरत नाही. काही थरांत मात्र लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून लहान लहान पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतील अनेक पोकळ्या पांढुरक्या खनिजांनी भरल्या. विहीर खोदणारे लोक या खडकाला मांजऱ्या म्हणतात. मुरूम, मांजऱ्या आणि खडकातील भेगा हीच आपल्या भागातील पाण्याची कोठारे होत.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साधारण साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. काही वर्षी त्याहून पुष्कळच कमी. यातील बरेचसे पाणी वाहून जाते, बरेचसे उन्हाने आणि झाडापिकांच्या पानांतून हवेत जाते. कठीण खडकाच्या प्रदेशात पावसाच्या शंभर थेंबांपैकी साधारण दहाच्या आसपास थेंब खडकात मुरतात, असे समजावे. त्या थोड्या थेंबांवरच आड, विहिरी, हापसे आणि बोअर चालतात.

आता मुख्य मुद्दा पाहू. आपण विहिरीवर मोटार लावून उपसा केला की फक्त विहिरीतील पाणी खाली जात नाही. विहिरीच्या भोवतालच्या खडकातील पाण्याची पातळीही उताराने खाली येते. जणू जमिनीत न दिसणारे एक नरसाळे तयार होते. उपसा जितका जास्त, तितके हे नरसाळे खोल आणि रुंद होत जाते. शेजाऱ्याची विहीर त्याच थरावर असेल तर तिचेही पाणी उतरते. दोन्ही शेतांच्या मध्ये बांध आहे, कुंपण आहे, कदाचित कोर्टात दावाही चालू आहे. पण खालच्या खडकाला त्याची खबर नाही. वर दोन मालक आहेत, खाली पाणी एकच आहे.

२. पाण्याला विटाळ कशाने होतो?

हे साधे सत्य आपल्या समाजाने शेकडो वर्षे नाकारले. सवर्णांची विहीर वेगळी, अस्पृश्यांची वेगळी. जिथे वेगळी विहीर नव्हती, तिथे आपल्या आया-आज्या रिकामे मडके घेऊन विहिरीपासून दूर उभ्या राहत आणि कोणी तरी वरून पाणी ओतील म्हणून ताटकळत. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, असे सांगितले जाई. या म्हणण्याला विज्ञानाची कसोटी लावून पाहू.

इ.स. १८५४ मध्ये लंडन शहरात सोहो या भागात पटकीची भयंकर साथ आली. दूषित हवेमुळे पटकी होते, असा तेव्हा मोठमोठ्या विद्वानांचाही समज होता. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांनी घरोघर फिरून कोण मेले, कोठे मेले आणि ते कोठले पाणी पीत होते याची नोंद केली. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाच्या आसपास झालेले आढळले. त्यांच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे उलगडा झाला की मैलापाणी झिरपून त्या विहिरीत उतरत होते. पाण्याला खरा विटाळ होतो तो मलमूत्राने आणि त्यातील रोगजंतूंनी. ते जंतू पिणाऱ्याची जात विचारत नाहीत आणि श्रीमंती पाहत नाहीत.

आता महाड आठवा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. परंतु ठराव कागदावरच राहिला. त्या तळ्यावर जनावरे पाणी पीत होती, माणसांना मात्र बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो बांधवांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर सनातनी मंडळींनी काय केले? तळे शुद्ध करण्यासाठी पंचगव्याच्या १०८ घागरी त्यात रिकाम्या केल्या. पंचगव्यात शेण आणि गोमूत्र असते. म्हणजे माणसाच्या ओंजळीने जे पाणी तिळमात्र बिघडले नव्हते, ते 'शुद्धी'च्या नावाने प्रत्यक्षात घाण करण्यात आले! जॉन स्नो यांच्या कामाला तोवर सत्तर वर्षे उलटून गेली होती. पुढे दहा वर्षे न्यायालयात झगडा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

जी गोष्ट पाण्याची, तीच रक्ताची. १९०१ साली कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने माणसाच्या रक्ताचे गट असल्याचे दाखवून दिले. त्याबद्दल १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या घरातील रुग्णाला रक्त लागते तेव्हा गट जुळतो की नाही एवढेच पाहिले जाते. सख्ख्या भावाचे रक्त कदाचित जुळत नाही आणि कधी तोंडही न पाहिलेल्या परक्या माणसाचे जुळते. अलीकडच्या जनुकशास्त्राने तर असे दाखविले आहे की, जगातील कोणत्याही दोन माणसांची जनुकीय रचना सुमारे ९९.९ टक्के सारखी असते. वेगळेपणाची जी उतरंड रचली गेली, ती निसर्गाने रचलेली नव्हती. ती माणसाने रचली. म्हणूनच माणसाला ती मोडताही येते.

३. रोहिणी नदीचा तंटा

पाण्यावरून भांडण ही काही आजची गोष्ट नाही. शाक्य आणि कोलिय ही दोन शेजारी राज्ये. मधून रोहिणी नदी वाहत होती आणि दोन्हीकडचे शेतकरी तिच्या पाण्यावर शेती करीत. आधी पाणी कोणी घ्यायचे यावरून भांडण जुंपले, मारामारी झाली आणि शाक्य संघाने युद्धाचा विचार सुरू केला. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून हाच प्रसंग मांडला आहे. हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथातील सिद्धार्थ युद्धाला विरोध करताना काय सुचवितो, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. आपल्यातून दोन माणसे निवडावी, कोलियांनी त्यांच्यातून दोन निवडावी, त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा. किती साधी आणि किती व्यवहारी सूचना! परंतु बहुमत युद्धाच्या बाजूने गेले. सिद्धार्थाने बहुमतापुढे आपले मत सोडले नाही आणि त्याबद्दलची शिक्षा म्हणून परिव्राजक होऊन देश सोडणे पत्करले.

पाली परंपरेत हीच कथा आणखी एका रूपात येते. तिथे बुद्धत्व प्राप्त झाल्यानंतर तथागत स्वतः दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभे राहतात आणि पाण्याचे मोल अधिक की माणसांच्या रक्ताचे, असा प्रश्न विचारतात. दोन्ही कथांचा बोध एकच आहे. नदी एक असेल तर तिच्या दोन काठांवरील माणसांचे हितही एकमेकांत गुंतलेले असते. ते ओळखून बसून बोलणे, हीच शहाणपणाची वाट.

४. कारणांची साखळी

तथागतांच्या शिकवणुकीचा गाभा प्रतीत्यसमुत्पाद हा आहे. शब्द अवघड वाटतो, अर्थ सोपा आहे. कोणतीही गोष्ट आपोआप, एकटी, कारणाशिवाय उत्पन्न होत नाही. कारणे जुळली की ती घडते, कारणे नाहीशी झाली की ती थांबते. विज्ञानही हेच मानते. म्हणून दैव, नशीब, पूर्वजन्मीचे पाप अशा उत्तरांवर दोघेही समाधान मानत नाहीत.

ही साखळी आपण आपल्याच जिल्ह्यात पाहू. पाऊस कमी झाला. उघड्या डोंगरावरून पडेल तो पाऊस मातीसकट वाहून गेला. मुरले थोडे, उपसा झाला जास्त. विहिरी हिवाळ्यातच तळाला गेल्या. रब्बी बुडाली. घरात दाणा नाही आणि हाताला काम नाही. मग मुकादमाकडून उचल घेतली आणि दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड कोयता घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागले. मुलगा शाळेच्या बाकावरून उठून उसाच्या फडात गेला. पुढे त्याच्याही हाती कोयता आला. त्या मुलाच्या कपाळावर कोणी काही लिहून ठेवले नव्हते. एकेक कडी जुळत गेली आणि साखळी झाली. परंतु साखळी ही कड्यांची असते म्हणूनच ती तोडता येते. एका कडीवर घाव घातला तरी पुढच्या कड्या सैल होतात. बाबासाहेबांनी शिक्षणावर एवढा भर दिला तो या कडीवर घाव घालण्यासाठीच.

दुसरे उदाहरण घ्या. बालाघाटात उगम पावणारी मांजरा नदी आपल्या केज तालुक्यातील धनेगावच्या धरणात अडते आणि तेथून लातूर शहराला पाणी जाते. २०१६ सालच्या दुष्काळात ते धरण कोरडे पडले. त्या वर्षी एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेच्या टाक्या भरून लातूरला पाणी न्यावे लागले. मिरज कृष्णेच्या खोऱ्यात आहे. म्हणजे दूर सह्याद्रीवर पडलेला पाऊस लातूरकरांच्या हंड्यात आला. आपले जगणे किती अनोळखी माणसांच्या हातांवर उभे आहे, हे आपल्याला टंचाईत कळते. खरे म्हणजे ते रोजच तसे असते.

५. निसर्ग हा गुरू, पण निर्णय आपला

तुरीचे किंवा हरभऱ्याचे रोप मुळासकट हळूच उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्या गाठींत रायझोबियम नावाचे सूक्ष्म जिवाणू राहतात. हवेत नत्र भरपूर, सुमारे ७८ टक्के आहे; पण रोपाला ते हवेतून थेट घेता येत नाही. जिवाणू ते रोपाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात आणि रोप त्यांना आपल्या पानांनी बनविलेली साखर देते. दोघांचे भागते आणि जमिनीलाही लाभ होतो. म्हणून जुने शेतकरी कडधान्याचा फेर चुकवीत नसत.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. निसर्गात सहकार्य आहे तसे मोठ्या माशाने लहान माशाला गिळणेही आहे. निसर्गात जे जे आहे ते सर्व चांगले, असे म्हणू लागलो तर उद्या कोणी विषमतेलाही निसर्गनियम म्हणेल. किंबहुना आजवर तसे म्हणणारे थोडे नव्हते! विज्ञान आपल्याला वस्तू कशा जोडलेल्या आहेत हे दाखविते. त्या जोडणीचे काय करायचे, हे आपण ठरवायचे असते. विहिरी एकमेकींना जोडलेल्या आहेत हे ज्याला कळले, तो त्या ज्ञानाच्या जोरावर शेजाऱ्याचे पाणी ओढूनही घेऊ शकतो. म्हणूनच बाबासाहेबांनी प्रज्ञेबरोबर शील आणि करुणा यांची आवश्यकता सांगितली. शील नसलेली प्रज्ञा ही दुधारी तलवार आहे.

६. मग चांगले जगणे म्हणजे काय?

आता थोडे कडू बोलावे लागेल. विटाळाचा जुना दोर आपण तोडला, परंतु 'माझे पाणी' हा नवा दोर आपण सर्वांनीच गळ्यात घालून घेतला आहे. शेजाऱ्याने दोनशे फूट बोअर घेतला की आपण तीनशे फूट घेतो, तो चारशेवर जातो. कर्ज दोघांच्याही डोक्यावर येते आणि वरच्या थरातील पाणी भेगांवाटे खाली उतरून गावाचा आड कोरडा पडतो. यात सर्व जातीधर्मांचे लोक आहेत, आपणही आहोत. पिण्याच्या सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये, असा कायदा महाराष्ट्रात १९९३ साली झाला. पुढे भूजल व्यवस्थापनाचा २००९ चा अधिनियम त्याच्या जागी आला आणि खोल विहिरींवरही त्यात बंधने घातली गेली. परंतु महाड नगरपालिकेचा ठराव जसा कागदावर राहिला होता, तसे या कायद्यांचेही अनेक ठिकाणी होते. कायद्याला माणसांच्या आचरणाची जोड लागते.

ही जोड मिळाली तर काय घडते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे आहे. १९८९ नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने पाणलोटाची कामे केली, डोंगरावरची चराई आणि झाडतोड थांबवली. याशिवाय शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिके घ्यायची नाहीत, असे नियम ग्रामसभेने स्वतःवर घालून घेतले. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा हिशेब मांडायचा आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे, अशी पद्धत बसविली. सिद्धार्थाने रोहिणीच्या काठी जे सुचविले होते, म्हणजे बसून ठरविणे, तेच हे होय.

पंचशीलातील दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे. ज्या पाण्यावर साऱ्या गावाची तहान अवलंबून आहे ते एकट्याने उपसणे हे या शीलाला धरून आहे काय, याचा प्रत्येकाने विचार करावा.

माणसाचे सुख कशात आहे, याचाही अभ्यास विज्ञानाने केला आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली एक अभ्यास सुरू झाला. शेकडो माणसांच्या आयुष्याचा माग तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत ठेवण्यात आला. पैसा आणि कीर्ती यांच्यापेक्षा चांगले, जिव्हाळ्याचे संबंध माणसाला अधिक सुखी आणि निरोगी ठेवतात, असा त्यातून निष्कर्ष निघाला. आपल्याकडे आनंद जेव्हा म्हणाला की कल्याणमित्र लाभणे म्हणजे अर्धे श्रेष्ठ जीवन आहे, तेव्हा तथागतांनी त्याला दुरुस्त केले आणि ते अर्धे नसून संपूर्ण आहे असे सांगितले. अडीच हजार वर्षांच्या अंतराने दोन वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

तेव्हा चांगले जगणे म्हणजे आपले जगणे कोणाकोणाशी जोडलेले आहे हे ओळखणे आणि त्या ओळखीला साजेसे वागणे. विहारात आपण वंदना घेतो, मैत्रीभावना करतो. तीच मैत्री विहाराच्या पायऱ्या उतरून हापशावर, शेताच्या बांधावर आणि टँकरच्या रांगेत दिसली पाहिजे. टँकर आल्यावर रांगेतील म्हाताऱ्या आजीचा हंडा जो आधी भरतो, त्याला प्रतीत्यसमुत्पाद कळला असे मी म्हणेन. मग त्याला तो शब्द उच्चारता न आला तरी चालेल.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

(१) मोठ्या माणसांना बरोबर घेऊन जवळच्या एका विहिरीतील पाण्याची खोली दोराने मोजा. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा नोंद ठेवा. शेजारच्या विहिरीशी ती ताडून पाहा.

(२) एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. २० चौरस मीटरच्या पत्र्यावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर १२,००० लिटर पाणी होते. आपल्या घराचे आणि विहाराचे छप्पर मोजून असाच हिशेब करा.

(३) घरातील वडीलधाऱ्यांना विचारा: तुमच्या लहानपणी पाणी कोठून आणीत? कोणाला कोठे बंदी होती? ती कशी उठली? त्यांची उत्तरे वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.

(४) आपल्या घरातील एका अडचणीची कारणे एकाखाली एक लिहा. यातील कोणती कडी आपल्याला तोडता येईल, ते ठरवा.

शेवटी पुन्हा त्या विहिरीच्या काठावर येऊ. आपल्या पूर्वजांना तिच्यापासून दूर उभे केले गेले. बाबासाहेबांनी आपल्याला काठावर आणून उभे केले. आत वाकून पाहण्याचे आणि तो झरा सर्वांसाठी राखण्याचे काम आता आपले आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!